क्षेत्रफळ गुणिले रेडी रेकनर, की झाला भूसंपादनाचा अंदाज?

खाडीकाठ: बुलेट ट्रेनवरच्या परवाच्या लेखात "बाधित क्षेत्राला रेडी रेकनरच्या दराने गुणले की भूसंपादनाचा खर्च निघतो" हे वाक्य वाचले आणि गप्प बसवेना. रेडी रेकनर म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या जमीनदरांचा तक्ता. 2013 च्या कायद्याप्रमाणे रेडी रेकनर आणि गेल्या तीन वर्षांतील चढ्या खरेदीखतांची सरासरी यांतील जास्त असेल ते बाजारमूल्य धरतात. त्यात घरे-झाडे मिळवून तेवढीच दिलासा रक्कम देतात, शिवाय बाजारमूल्यावर निवाड्यापर्यंत, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या आदेशापर्यंत, वर्षाला 12 टक्के चढतात. म्हणजे ठाणे शहरात एक कोटीची जमीन दोन कोटींना पडते, आणि निवाडा रखडला की दरसाल 12 लाख वेगळे.

पारसिक: इतका आव कशाला? बीकेसी ते शिळफाटा 21 किलोमीटर बोगदाच आहे, त्यातले 7 खाडीखालून. तिथे जमीन लागते ती शाफ्टपुरती, म्हणजे बोगद्यात उतरायच्या उभ्या विवरापुरती.

खाडीकाठ: त्या 'पुरती'चा विक्रोळीतील निवाडा 264 कोटींचा झाला आणि जमीन सुमारे दहा एकर होती.

घणसोलीकर: आपण दोघेही दरावर भांडता आहात. आमच्या अकरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर सतरा नावे होती. थेट खरेदीला शासन 25 टक्के जादा देते, पण सह्या सगळ्यांच्या लागतात, धाकट्या आत्याने "मला लग्नात काय दिलेत?" म्हणून अंगठा दिला नाही आणि आम्ही सक्तीच्या संपादनात गेलो. उरणजवळच्या जासईला 1984 मध्ये भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात माणसे गोळीबारात गेली, त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत पदरात पडली, हे आत्या विसरलेली नव्हती.

पारसिक: घरगुती रडगाणे इथे कशाला?

घणसोलीकर: रडगाणे म्हणण्याआधी वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे एक हेलपाटा घालून या.

पारसिक: रागावू नका, हिशेबच करू. दोन कोटींवर 25 टक्के म्हणजे 50 लाख. 12 लाखांप्रमाणे चार वर्षे रखडले तरी 48. आपल्या आत्याबाईंनी सरकारचे दोन लाख वाचवले की!

खाडीकाठ: जमिनीच्या रकान्यात वाचवले, हे मान्य करतो. चार वर्षांत पोलाद-सिमेंटचे दर चढतात आणि ती वाढ बांधकामाच्या रकान्यात जाते, म्हणूनच भूसंपादन स्वस्त दिसते.

पारसिक: बरे, तेवढे कबूल. पण लेखकाला मूर्ख ठरवायचे कारण अजूनही नाही. रेडी रेकनर निदान छापील असतो, आत्याबाईंचा दर कोण छापणार?