मॅकवर व्हल्कनला थारा का नाही?

रानवारा: "मोल्टनव्हीके असताना ॲपलने व्हल्कन का द्यावे?" असे काल येथे एकाने विचारले, म्हणून हा धागा. व्हल्कन म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याची सामाईक पद्धत, मेटल ही ॲपलची स्वतःची. मोल्टनव्हीके हा दुभाषी आहे. व्हल्कनचे बोलणे तो मेटलला समजावतो. पण मेटलमध्ये जॉमेट्री शेडरच (आकार घडवणारे, कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) नाहीत, तेथे त्याने काय समजवावे? विंडोजचे स्वतःचे डायरेक्टएक्स असूनही कार्ड कंपन्या आपल्या ड्रायव्हरमधून तेथे व्हल्कन देतात. मॅकवर ते दारच बंद आहे.

घड्याळजी: आधी साल पाहा. मेटल 2014 मध्ये आले, व्हल्कन फेब्रुवारी 2016 मध्ये. घरात स्वयंपाक तयार असताना शेजारची चूल पेटण्याची वाट कोण पाहील? शिवाय 'सगळीकडे चालते' हे मला सांगू नका. एका कार्ड कंपनीच्या ड्रायव्हरमुळे माझा शेडर ग्राहकासमोर काळा पडदा दाखवून बसला. तोच शेडर दुसऱ्या कार्डावर निर्दोष चालत होता. मेटलवर निदान दोष कोणाचा, हे शोधत फिरावे लागत नाही.

पाटावरवंटा: चुलीचेच बोलायचे तर ओपनसीएलची (ग्राफिक्स कार्डावर गणिते करण्याच्या सामाईक मानकाची) चूल ॲपलनेच मांडली होती. 2009 मध्ये मॅकच्या स्नो लेपर्ड आवृत्तीसोबत ते आले, तेव्हा मी रात्र जागून पहिला कर्नल (त्याचा कार्डावर चालणारा प्रोग्रॅम) चालवला होता. 2018 मध्ये मोहावे आवृत्तीच्या वेळी ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स मानकासह त्यालाही कालबाह्य ठरवण्यात आले. ओपनजीएल तर 4.1 वरच गोठलेले होते. स्वतःचे अपत्य ज्यांनी असे वाऱ्यावर सोडले, ते दुसऱ्याचे काय सांभाळणार?

घड्याळजी: अश्रू आवरा. एनव्हिडिया या कार्ड कंपनीने ओपनसीएलपेक्षा स्वतःच्या कुडालाच झुकते माप दिले, तेव्हा हा संताप कोठे होता? सामाईक मानकाला सगळेच सावत्र वागवतात. तुम्हाला मात्र एकच सावत्र आई दिसते.

पाटावरवंटा: एनव्हिडियाने ते मानक जन्माला घातले नव्हते. मुद्दा समजत नसेल तर उपमा तरी देऊ नका.

रानवारा: दोघेही मूळ प्रश्नाकडे याल का? 'असाही लिनक्स' या ॲपलच्या यंत्रांवर लिनक्स चालवणाऱ्या प्रकल्पाच्या मंडळींनी, ॲपलने चिपची कागदपत्रे दिलेली नसतानाही, 2024 मध्ये ॲपलच्या एम1 चिपवर व्हल्कन 1.3 चा ड्रायव्हर क्रोनोस या व्हल्कनचे मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या अनुरूपता चाचण्यांत उत्तीर्ण करून दाखवला. म्हणजे अडचण यंत्राची नाही, इच्छेची आहे.

घड्याळजी: यंत्राला जमते, हे मान्य, आपला विजय साजरा करावा. पण मेटलच्या जोडीला दुसरा ड्रायव्हर प्रत्येक नव्या चिपसाठी ॲपलने का पोसावा, याचे उत्तर तुमच्या चार परिच्छेदांत सापडले नाही.

रानवारा: मी दोनच परिच्छेद लिहिले आहेत.

घड्याळजी: लांबीने चार वाटले. आणि हो, आमच्या कार्यालयातही मोल्टनव्हीकेच वापरतात. हसायचे असेल तर हसा.