कंपन, स्पंदन की थरथर?

अधांतर
एका कारखान्यासाठी पंपांच्या देखभालीची पुस्तिका मराठीत करतेय. एकाच परिच्छेदात व्हायब्रेशन, ऑसिलेशन आणि पल्सेशन असे तिन्ही शब्द आलेत. पहिल्याला कंपन, दुसऱ्याला दोलन केलं आणि तिसऱ्यावर अडले. तपासणाऱ्या सरांनी सगळं खोडून तिन्ही ठिकाणी 'स्पंदन' लिहिलं, कारण ते भारदस्त वाटतं म्हणे. आता वाक्य असं झालंय: 'पंपाचे स्पंदन वाढल्यास पंप त्वरित बंद करावा.' मला एकदम दवाखान्यात गेल्यासारखं वाटलं. काय करू?

तिसरा लंबक
तुमचंच ठेवा. दोलन म्हणजे मध्यापासून अलीकडे-पलीकडे जात राहणं, मग तो झोपाळा असो की व्होल्टेज. कंपन म्हणजे वस्तूच्या अंगातलं जलद दोलन. आणि फ्रिक्वेन्सीला काय लिहिलंत? विश्वकोशात 'कंप्रता' आहे. इतका नेमका शब्द असताना लोक 'वारंवारता' का लिहितात?

अधांतर
वारंवारताच लिहिलंय. शाळेत तेच शिकलो.

तिसरा लंबक
शाळेत संख्याशास्त्रातली वारंवारता सारणीही शिकलात. तिथे काही कापतं का?

फिटर नं. २
तीस वर्षं पंपांजवळ काढली. 'कंपन' फक्त बोर्डावर वाचलं, तोंडात कधी आलं नाही. आम्ही म्हणायचो, 'मोटर व्हायब्रेशन मारतेय.' पण आतला फरक कळायचा. थरथर असली की रोटरचा तोल बघायचा, धडधड असली की आधी फाउंडेशन बोल्ट, खरखर असली की बेरिंग. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आमचे मिस्त्री तर मोटरवर रुपयाचं नाणं उभं करायचे. पडलं की पाना काढ.

मग मीटर आला. त्यावर ४.५ दिसलं तेव्हा नवीन पोरगं म्हणालं, साडेचार मिलिमीटर हलतेय? अरे बाबा, ते मिलिमीटर प्रति सेकंद. मिनिटाला १४८० फेऱ्यांच्या मोटरला एवढा आकडा आला तर या टोकापासून त्या टोकापर्यंतचं हलणं जेमतेम ८० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीएवढं. ताई, शब्द कुठलाही घाला, पण 'प्रति सेकंद' गाळू नका.

अधांतर
बाप रे. आत्ता पाहिलं, सरांनी दोन ठिकाणी तेच गाळलंय! पण काका, पल्सेशनला काय म्हणायचात?

काजूबिया
कंपनवरून आठवलं. 'थंडीनं कापतोय' मधलं कापणं मुळात 'कांपणे'. मोल्सवर्थचा जुना शब्दकोश उघडून बघा, अनुस्वार आहे. १९६२च्या नियमांनी तो उडवला आणि थंडीनं कापणं व सुरीनं कापणं लिहिताना एकच झालं. आमच्याकडे कोकणीत 'कांपता' अजून नाकातूनच येतं.

तिसरा लंबक
जो अनुस्वार उच्चारात नव्हता तोच गेला. त्यात रडण्यासारखं काय?

काजूबिया
तुमच्या उच्चारात नव्हता.

मु. पो. पाटण
आमच्या भागात हे सगळे शब्द एका रात्रीत शिकले लोक. ११ डिसेंबर १९६७, पहाटे साडेचारच्या आत, कोयनेचा भूकंप. आजी सांगायची, 'आधी गडगड आली, मग हादरा, मग भांडी.' फळीवरची भांडी शेवटी पडली, आणि तो आवाज तिच्या जास्त लक्षात राहिला. 'कंपन' ती कधीच म्हणाली नाही. कोयना धरणातल्या यंत्रानं त्या पहाटे जे त्वरण नोंदलं ते गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याहून जास्त होतं. ती नोंद धरणं अभ्यासणारे जगभर वापरतात. पेपरवाले मात्र दर वेळी 'सौम्य धक्का' लिहून मोकळे.

आणि 'धमक' कुणीच कशी काढली नाही? खाणीत सुरुंग उडला की 'धमक बसली' म्हणतात आमच्याकडे.

तिसरा लंबक
ती हिंदीची. मराठीत धमक म्हणजे अंगातली रग.

मु. पो. पाटण
हिंदी आमच्या आजीला येत नव्हती. अंधारात रानात जाताना म्हणायची, 'काठी आपटत चाल, धमक लागली की जनावर बाजूला होतं.' जनावर म्हणजे साप, नाव घ्यायचं नाही. आणि बरोबरच होतं तिचं. सापाला बाहेरचा कान नाही, जबडा जमिनीला टेकलेला असतो, तिथल्या हाडांतून हादरा आतल्या कानापर्यंत पोचतो.

फिटर नं. २
खाणीचं निघालंच आहे तर, तिथेही मोजतात ते मिलिमीटर प्रति सेकंदच. खाणमालकाचं नसलेल्या साध्या घराला ८ हर्ट्झच्या (सेकंदाला ८ हेलकाव्यांच्या) खाली ५ची मर्यादा, २५ हर्ट्झच्या वर १५ची. संथ हेलकावा घराच्या स्वतःच्या डुलण्याशी जुळतो म्हणून तो जास्त वाईट. लोकांना वाटतं, टणटणीत दणका बसला म्हणजे घर गेलं.

अधांतर
इथे 'हेलकावा' सुंदर बसला! पण माझं पल्सेशन... डिलिव्हरी पाइपात दाब ठेक्यात चढतो-उतरतो, ते.

रियाजी
उशिरा येतेय. 'आंदोलन' शब्द राजकारण्यांना का देऊन टाकलात? संगीतशास्त्राच्या पुस्तकात अजून आहे: षड्जाची आंदोलनसंख्या २४०, पंचमाची ३६०, तार षड्जाची ४८०. तेव्हा तिसरा लंबक, कंप्रता नको आणि वारंवारताही नको. आणि दरबारी रागातला गंधार आंदोलितच असतो, त्याला कंपित म्हटलंत तर गुरुजी उठून जातील.

तिसरा लंबक
म्हणजे 'पंपाचे आंदोलन वाढल्यास पंप त्वरित बंद करावा'? कामगार युनियनला आधी विचारा.

फिटर नं. २
😂 आमच्याकडे दोन्ही एकदम झालेलं आहे.

काजूबिया
एक विचारू? कापरं भरणं हे कांपण्यातलंच ना? मग कापराचा त्याच्याशी काही संबंध?

रियाजी
नाही हो. कापूर कर्पूरवरून.

मु. पो. पाटण
आमच्याकडे कापरं भरत नाही, सुटतं.

काजूबिया
सुटतं? आमच्याकडे भरतंच. आईला विचारून सांगतो.