नॉटिंगहॅम नावाची फोड कशी करायची?

घाटकोपरची_मावशी:
भाचा नॉटिंगहॅमला शिकायला गेलाय. त्याच्या रूमवरचा पोरगा म्हणे गावाचं मूळ नाव स्नॉटवरून आलंय, म्हणजे शेंबूड!! झालं, तेव्हापासून आमच्याकडे सगळे त्याला शेंबडेवाडीकर म्हणतायत. खरं काय आहे? नॉट आणि हॅम असे दोन शब्द आहेत का, आणि हॅम म्हणजे ते डुकराचं तर नाही ना?

गिरगावचा_बंड्या:
मावशी, पोरगा अर्धा बरोबर आहे 😄 आजचं स्पेलिंग आधी बाजूला ठेवा, सगळ्यात जुनं शोधा. 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, स्नॉटिंगेहॅम असंच लिहिलंय. मग मागून फोडत यायचं, हाम म्हणजे घर-वस्ती, इंगा म्हणजे अमक्याची माणसं, त्यांची, आणि स्नॉट हे माणसाचं नाव. आमच्या गिरगावात खोताची वाडी आहे ना, त्यातला 'ची' जे काम करतो साधारण तेच इंगाचं, फक्त एका खोताची नाही तर अख्ख्या गोतावळ्याची वस्ती. शेंबडाचं टेन्शन घेऊ नका, जुन्या इंग्रजीत स्नॉटर म्हणजे शहाणा. फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंच जिभेला सुरुवातीचा 'स्न' जमेना म्हणून पुढे स गळला असं सांगतात.

वेस्टहॅम_विरार:
हॅम दिसलं की वस्ती, असं मात्र धरू नका हां. जुन्या इंग्रजीत हाम वेगळा आणि हम्म वेगळा. हम्म म्हणजे नदीच्या वळणातली नाहीतर पाण्याने वेढलेली सखल जमीन. लंडनमधलीच नावं घ्या, टॉटनहॅम हे टोट्टाचं हाम, फुलहॅम हा फुल्लाचा हम्म, थेम्सच्या वळणावरच आहे बघा, आणि आमचं वेस्ट हॅम पण हम्मच. आज सगळी शेपटं सारखीच दिसतात, जुनी नोंद नसेल आणि जागा बघितली नसेल तर नुसत्या स्पेलिंगवरून कळणार नाही.

दादरची_दुपार:
आणि जुनं नाव सापडलं तरी ते फसवू शकतं. यॉर्क घ्या. रोमन काळात एबोराकम, मूळ केल्टिक, बहुतेक अभ्यासक ते यू नावाच्या झाडाशी जोडतात. नंतर जर्मनीकडून आलेल्या सॅक्सन लोकांना त्यात त्यांचा एओफर म्हणजे रानडुक्कर ऐकू आला आणि त्यांनी एओफरविक (विक म्हणजे वस्ती) करून टाकलं, 866 मध्ये व्हायकिंगांनी शहर घेतलं त्यांचं योर्विक, त्याचं घासून यॉर्क. म्हणजे जोडशब्द अस्सल जर्मॅनिक दिसतो पण नंतर बसवलेला. आपल्याकडे भेंडी बाजारचं तेच, कोणी भेंडीचं झाड म्हणतं कोणी साहेबाचं 'बिहाइंड द बाजार'.

गिरगावचा_बंड्या:
हो आणि एक राहिलंच, नॉटिंगहॅमला लागूनच स्नेंटन आहे, तेही त्याच स्नॉटच्या लोकांचं, फक्त शेवटी हामऐवजी टून, म्हणजे शेतवाडी. तिथला स अजून शाबूत आहे.

घाटकोपरची_मावशी:
अरे देवा, भाच्याची रूम स्नेंटनलाच आहे 🤦‍♀️ घरी सांगत नाही.