'कडक' क्लच म्हणजे नक्की कसा क्लच?

एका साध्या मराठी शब्दापायी माझे बरेच पैसे गेले, म्हणून हा धागा.

गाडी चाकणलाच बनलेली. दीड लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवर, २५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). रिमॅप (इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) केल्यावर टॉर्क ३४० च्या आसपास गेला आणि मूळ क्लचने हात टेकले. त्यात त्याची चूक नव्हती, तो एवढ्यासाठी बनवलाच नव्हता. कात्रज घाट चढताना चौथ्या गिअरला पाय दाबला की आरपीएमचा काटा २,००० वरून सर्रकन ४,००० वर जायचा आणि गाडी होती त्याच वेगात. नुसती रेस व्हायची. वर पोचेपर्यंत आत जळका वास भरलेला असायचा.

दुकानात जाऊन मी म्हणालो, "जरा कडक क्लच द्या." त्यांनी तो दिला. जड प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग) आणि सहा बटणांची, म्हणजे सलग अस्तराऐवजी सिरॅमिकचे सहा सुटे तुकडे असलेली प्लेट. घसरणं बंद झालं, पण आता संध्याकाळी नळ स्टॉपहून डेक्कनला येईपर्यंत डावा गुडघा भरून येतो. निघताना गाडी थरथरते. पाय केसभर जास्त सुटला की एकतर धाडकन पुढे जाते, नाहीतर बंद पडते.

मला हवा होता जास्त *धरणारा* क्लच आणि मी मागितला *कडक*. मला वाटतं कडक हा शब्द पेडलचा आहे, पकडीचा नाही. गॅरेजमध्ये यासाठी वेगळे शब्द आहेत का? पुढच्या वेळी काय म्हणून मागायचा?

---

प्रतिसाद (तीस वर्षं गॅरेजमध्ये)

शब्द आहेत, पण ते नीट ऐकावे लागतात. आमची मुख्य क्रियापदं दोनच, धरणे आणि सोडणे. गोंधळ होतो कारण ड्रायव्हर पायाबद्दल बोलतो आणि मेकॅनिक प्लेटबद्दल. तुम्ही 'क्लच सोडला' म्हणता तेव्हा पाय सुटलेला असतो आणि आत प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) *धरलेली* असते. तुम्ही दाबता तेव्हा प्लेट *सुटते*. गिऱ्हाईक सांगतं 'क्लच सोडत नाही', म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही प्लेट मोकळी होत नाही, गिअर टाकताना करकर होते. नव्या पोराला वाटतं पेडल अडकलंय आणि तो आधी केबल बघायला जातो. मी त्याला पहिल्या दिवशीच सांगतो: गिऱ्हाइकाच्या वाक्यात कर्ता कोण ते आधी ओळख. 'मी सोडला' वेगळं आणि 'क्लच सोडत नाही' वेगळं.

आता तुमचं. 'धरत नाही' म्हणजे घसरतो. 'वर धरतो' किंवा 'खाली धरतो' म्हणजे पेडल किती वर आल्यावर गाडी हलते. आणि 'झटक्यात धरतो' म्हणजे तुमची बटणाची प्लेट. तिच्या उलट 'मऊ धरतो'. तुम्हाला जास्त धरणारा पण मऊ धरणारा हवा होता. अगदी या शब्दांत सांगितलं असतंत तर कुठल्याही जुन्या माणसाने बटणाची प्लेट हातातही घेतली नसती.

---

प्रतिसाद

+१. आमच्याकडे सासवडला बटण प्लेट ट्रॅक्टरला टाकतात. नांगराला तीच हवी. तिथे ट्रॅफिक नाही आणि गुडघाही नाही.

---

प्रतिसाद (अभियांत्रिकी शिकवते)

'धरणे' या शब्दाच्या आत चार वेगळ्या गोष्टी आहेत, त्या सुट्या करून सांगते. क्लच किती टॉर्क धरेल हा गुणाकार आहे: घर्षणाचा गुणांक × प्रेशर प्लेटचा दाब × सरासरी त्रिज्या × घासणाऱ्या बाजूंची संख्या.

समजा गुणांक ०.३, दाब ६,००० न्यूटन, त्रिज्या ९ सेंटिमीटर. एका प्लेटला बाजू दोन. गुणाकार येतो ३२४ न्यूटन-मीटर. २५० च्या इंजिनाला हे भरपूर, कारण डिझाइन करतानाच थोडी जास्त क्षमता ठेवलेली असते. तुमच्या ३४० पुढे मात्र ते तोकडं. म्हणून घाटात घसरला आणि सपाटीवर हळू चालवताना कळलंही नाही.

आता वाढवायचं कसं? दाब ४० टक्क्यांनी वाढवला तर क्षमता ४५४ होते, पण त्याच मांडणीत पेडलही तेवढंच जड होतं आणि रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला मोकळं करणाऱ्या बेअरिंगवर) भार वाढतो. हा तुमचा 'कडक'. गुणांक ०.३ चा ०.४ केला तर ४३२. पेडल होतं तसंच राहतं, पण असा गुणांक देणाऱ्या सिरॅमिक मालाला हळूहळू धरणं जमत नाही. हा 'झटक्यात'. आणि दोन प्लेटा लावल्या, म्हणजे बाजू चार, तर त्याच दाबात आणि त्याच मालात ६४८. पेडल मूळच्यासारखं, धरणंही मऊ, खर्च मात्र मोठा. एकाच 'मजबूत क्लच' या शब्दाखाली हे तीन वेगळे रस्ते आहेत आणि प्रत्येकाचा त्रास वेगळ्या जागी होतो.

एक शब्द सुचवते: टॉर्कला 'पीळ'. वर्गात मी तोच वापरते. 'इंजिनाचा पीळ वाढला, क्लचची पकड तेवढीच राहिली' असं म्हटलं की मुलांना सूत्राआधी चित्र दिसतं. 'ताकद' म्हटलं की ती हॉर्सपॉवरकडे पाहतात आणि क्लच निवडताना तिथेच चुकतात. क्लचला पीळ धरायचा असतो. दोनशे हॉर्सपॉवरची दोन इंजिनं, एक टर्बो आणि एक साधं पण वरच्या आरपीएमला फिरणारं, त्यांचा पीळ सारखा नसतो, मग क्लचही सारखा लागत नाही.

---

प्रतिसाद

ताई, 'पीळ' फार आवडला. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, तोच हा पीळ. इथे मात्र प्लेट जळते.

मला 'स्टेज' या शब्दाबद्दल बोलायचंय, कारण मी तिथेच फसलो होतो. रिमॅपवाला म्हणतो 'स्टेज १', म्हणजे फक्त सॉफ्टवेअर, इंजिनाला हात नाही. क्लचवाल्याच्या 'स्टेज १' मध्ये साधारणपणे जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि मूळच्यासारखीच ऑरगॅनिक (तंतू आणि रेझिनच्या अस्तराची) प्लेट येते. दोघांच्या शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. शिवाय क्लचच्या स्टेजना कुठलंच ठरलेलं मानक नाही. एका कंपनीची स्टेज २ म्हणजे केव्हलारची प्लेट, दुसरीची थेट बटणाची. 'माझ्या गाडीला स्टेज २ केलंय, म्हणून स्टेज २ चा क्लच द्या' हे वाक्य पुण्यात रोज कुठेतरी बोललं जात असेल आणि त्याला अर्थ नाही. क्षमता न्यूटन-मीटरमध्ये विचारा. प्लेट कशाची आहे ते विचारा. प्लेटच्या मध्ये धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगा आहेत की हब (प्लेटचा मधला भाग) नुसता घट्ट आहे ते विचारा, स्प्रिंगांशिवाय रोजच्या गाडीत धक्के फार बसतात.

---

प्रतिसाद (तीस वर्षं गॅरेजमध्ये)

फ्लायव्हीलचं राहिलं. जोडीला डबल-मासच्या (मध्ये स्प्रिंगा असलेल्या दोन भागांच्या फ्लायव्हीलच्या) जागी एकसंध फ्लायव्हील टाकलं असेल, तर न्यूट्रलला उभं असताना गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येईल. क्लच दाबला की थांबते. लोक घाबरून 'गिअरबॉक्स वाजतो' म्हणत येतात. तो मोडलेला नसतो. आधी इंजिनाचे हादरे फ्लायव्हील गिळत होतं, आता ते पुढे जातात, एवढंच. आम्ही त्याला 'मोकळा वाजतो' म्हणतो.

आणि नवा क्लच 'बसवणे' आणि 'बसणे' यात फरक ठेवा. बसवतो मी, एका दिवसात. बसतो तो आपला आपण, साधारण ८०० किलोमीटर शहरात संथ चालवून. तोपर्यंत घाटात जोर लावायचा नाही, नाहीतर पृष्ठभाग चकचकीत होतो आणि चांगला मालही घसरायला लागतो. तुमच्या पुढच्या क्लचला हे नक्की पाळा.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लायव्हील मूळचंच ठेवलंय, त्यामुळे खडखड नाही.

दोन प्लेटांचा खर्च सध्या झेपणार नाही. इतकी हिशेबाने निवड करता येते हे मला आधी कळलंच नव्हतं. नाना पेठेत नेण्यासाठी चिठ्ठी लिहिली आहे, ती इथे देतो. कुठला शब्द चुकत असेल तर सांगा:

"इंजिनाचा पीळ ३४० न्यूटन-मीटर. क्लच ४२० पर्यंत धरणारा. ऑरगॅनिक प्लेट, मध्ये स्प्रिंगा. मऊ धरणारा. दाब वाढला तरी चालेल, पण पेडल मूळच्यापेक्षा थोडंच जड. बटण नको."

'कडक' हा शब्द चिठ्ठीत एकदाही येऊ दिलेला नाही.

---

प्रतिसाद (तीस वर्षं गॅरेजमध्ये)

चिठ्ठी बरोबर आहे. रिलीज बेअरिंगही नवं लिहा, गिअरबॉक्स दोनदा उतरवू नका.