मदत हवी आहे : शॉर्टफिल्मचा शेवट आणि टिळकांचं भजन

सर्वांना सलाम. बडोद्यात वीस मिनिटांची मराठी शॉर्टफिल्म करतोय. नवऱ्याच्या दफनानंतर चर्चला जाणं सोडलेली बाई शेवटी कणीक मळताना ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांचं भजन गुणगुणते, तेही अर्धवट. बस्स, कट.

तीन खर्डे झाले. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, शेवटी तिची साक्ष हवी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं हे तिने सर्वांसमोर सांगायला हवं, नाहीतर मंडळीला (चर्चच्या लोकांना) काय मिळणार? ख्रिस्ती नसलेल्या मित्रांना तेवढं गुणगुणणंही प्रचारकी वाटतं. (दोन्हीकडून मार!) साक्षीचा प्रसंग लिहूनही पाहिला, पण त्यात बाई बोलतच नाही, पाळकसाहेबच बोलतात. लिहिणं हे मी माझं पाचारण, म्हणजे देवाने सोपवलेलं काम, मानतो, त्यामुळे असलं खोटं लिहवत नाही.

टिळक १९१९ साली गेले, म्हणजे शब्दांच्या हक्काची अडचण नाही. चाल मात्र आमच्या उपासनेत पेटीवर वाजते तीच हवी, आणि ती कोणाची हे पेटीवाल्या काकांनाही ठाऊक नाही. नवी बांधून घ्यायला पैसे नाहीत. फतेगंजातलं शूटिंग नाताळाआधी उरकायचंय.

अशी तोंडी चालत आलेली चाल वापरताना कुणी परवानगी घेतली होती का, आणि कोणाकडून? शिवाय साक्षीशिवायचा शेवट आपल्या मंडळीला कुणी दाखवलाय का? पाळकांना कसं पटवलंत?