लक्ष्मणफळाचा काढा आणि केमो एकत्र चालतं का?

सिडकोवासी:
मंडळी, जरा अर्जंट आहे. आत्याला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, इथेच नाशिकला केमो चालू आहे, दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. आता त्र्यंबककडच्या एका जडीबुटीवाल्याने लक्ष्मणफळाची (सीताफळाच्या जातीतलं झाड) पानं दिलीत आणि सांगितलंय की केमो म्हणजे नुसतं केमिकल, झाडपाल्याने आजार मुळापासून जातो. आत्याचे केस गेलेत, बोटांना मुंग्या येतात, त्यामुळे तिला पटतंय, आणि आतोबा तर रोज सकाळी पातेलं चढवून बसतात. यूट्यूबवर केमोपेक्षा दहा हजार पट पावरफुल असं पण चाललंय. तथ्य आहे का काही?

निसर्गप्रेमी:
बिनधास्त द्या हो. नॅचरल आहे, साइड इफेक्ट शून्य. बाकी सगळी लूट आहे.

मेडिकलवाला_नाशिकरोड:
वरचं वाचून डोकं फिरलं. अहो, आत्याबाईंना जे सलाईनमधून जातंय तेच मुळात झाडाचं आहे! अमेरिकेत पॅसिफिक यू नावाचं झाड असतं, त्याची साल 1962 मध्ये तपासणीसाठी गोळा केली, त्यातलं औषधी द्रव्य वेगळं काढून 1971 मध्ये त्याची रचना छापली ती वॉल आणि वाणी यांच्या टीमने. हे मनसुख वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे, आतोबांना हे नक्की सांगा. पुढे 1992 मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी ते तिकडे मंजूर झालं. साल काढली की झाड मरतं आणि एका पेशंटला कितीतरी झाडं लागायची, म्हणून नंतर दुसऱ्या जातीच्या यूच्या पानांतून कच्चा माल घेऊन लॅबमध्ये पुढचं करायला लागले. आणि ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून साध्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये एरंडेलापासून बनवलेलं द्रावण असतं, त्याची रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं औषध देतात.

रानवाटा:
भारी माहिती. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, त्यात कॅम्पटोथेसिन सापडतं, त्यावरून बनवलेली इरिनोटेकान, टोपोटेकान आज कॅन्सरला वापरतात (आणि हे द्रव्य पहिल्यांदा चीनच्या एका झाडातून शोधणाऱ्यांतही वाणीच होते). त्यापायी नरक्याची एवढी चोरटी तोड झाली की बस. अंगणातली सदाफुली घ्या, त्यातलं व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये देतात, पण पानात ते इतकं नगण्य असतं की ग्रॅमभर काढायला पानांचे ढीग लागतात. तेव्हा इथलं वाचून कुणी सदाफुली चावत बसू नका, त्यात बाकीचीही विषारी द्रव्यं आहेत.

वैद्य_पंचवटी:
मी स्वतः बीएएमएस आहे, झाडपाल्यावरच पोट आहे माझं, तरी सांगतो, काढा आजच थांबवा. दहा हजार पट वगैरे गोष्टी काचेच्या बशीतल्या पेशींच्या आहेत. तिथे पुष्कळ गोष्टी पेशी मारतात, पेशंट बरा झाल्याचा नीट पुरावा लक्ष्मणफळाला नाही. उलट त्यातलं अ‍ॅनोनासिन मज्जातंतूंना मारक आहे, कॅरिबियनमध्ये ग्वाडेलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा भरपूर घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार दिसला, त्याचा संबंध याच्याशी जोडला गेला. आता पॅक्लिटॅक्सेलनेही नसांवर परिणाम होतो, त्या मुंग्या बहुतेक त्याच्याच आहेत. मग वरून अजून भर कशाला घालायची? शिवाय पॅक्लिटॅक्सेल लिव्हरमधून बाहेर पडतं, तिथे कसलाही काढा लुडबुड करू शकतो. भाजीतली हळद चालेल, पण हळदीतल्या कर्क्युमिनच्या आणि मिरीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि मुंग्यांचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, डोस कमी करता येतो, बायका हे अंगावर काढतात.

निसर्गप्रेमी:
सगळे डॉक्टरच एका बाजूचे.

सिडकोवासी:
@वैद्य_पंचवटी धन्यवाद. वाणी नंदुरबारचे म्हटल्यावर आतोबा जरा नरम आले, ते शहाद्याचे आहेत ना. पुढच्या सायकलला डॉक्टरांना सगळं सांगतो. पानांचा फोटो दाखवला तर चालेल का?

वैद्य_पंचवटी:
पुडकंच न्या. वाळलेलं पान फोटोत ओळखू येत नाही, आणि आत लक्ष्मणफळच आहे याची तरी काय खात्री?