४००६०१ मूळ संख्या आहे हे कागदावर कसं सिद्ध करायचं?

घोडबंदरकर:
ठाणे पश्चिमेचा पिनकोड ४००६०१ मूळ संख्या आहे, असं संगणक सांगतो. दहावीच्या मुलांकडून ते सिद्ध करून घ्यायचंय. हाताशी फक्त साधे कॅल्क्युलेटर. सगळे भागाकार टाळता येतील का?

तलावपाळी:
वर्गमूळ ६३२.९, म्हणजे ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्या तपासायच्या. २, ३, ५ तर दिसतातच. मग तीन-तीन अंकांचे गट पाडा: ६०१ − ४०० = २०१. ७×११×१३ = १००१, म्हणून २०१ ला या तिघांनी भाग जात नाही तर ४००६०१ लाही नाही. गटांची बेरीज १००१ आणि २७×३७ = ९९९, म्हणून ३७ ने बाकी २. उरले १०८, ३६ मुलं असतील तर प्रत्येकी तीन.
१७९ आणि ३७३ कडे लक्ष ठेवा. १७९×२२३८ आणि ३७३×१०७४, दोन्ही ४००६०२! कॅल्क्युलेटर २२३७.९९४४ दाखवतो आणि घाईत २२३८ लिहून "भाग गेला" म्हणणारं पोर निघतंच.

पामबीच:
भागाकार कशाला? एक वजा करा: ४००६०० = २^३ × ५^२ × २००३. यातली २००३ मूळ आहे आणि ६३२ पेक्षा मोठी, सगळी मेख तिथेच. गणितज्ञ पॉकलिंग्टनची मूळ संख्या ओळखण्याची कसोटी (१९१४) लावा. ४००६०० ÷ २००३ = २००, म्हणून आधी २^२०० ची बाकी हवी. ४००६०१ ने भागून उरणाऱ्या बाक्या अशा:
२^२० → २४७३७४
२^४० → ९०१२१
२^८० → ९९६७
२^१६० → ३९२६४२
२^२०० → ३९२६४२×९०१२१ → २०३३५२
आता एक वजा करून २०३३५१ आणि ४००६०१ यांचा मसावि काढा, १ येतो. मग २०३३५२ चा २००३ वा घात: दहा वेळा वर्ग, सात गुणाकार, शेवटी बाकी १. या दोन गोष्टी जमल्या की ४००६०१ च्या प्रत्येक मूळ विभाजकाला २००३ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. म्हणजे तो किमान २००४. पण संख्या संयुक्त असती तर एक तरी मूळ विभाजक ६३२ च्या आत सापडला असता.

घोडबंदरकर:
मसावि गाळून नुसती २^४००६०० ची बाकी १ दाखवली तर?

पामबीच:
नाही चालणार. ३४१ = ११×३१, तरी २^३४० ची बाकी १ च येते. १७२९ तर त्याहून लबाड: ७, १३, १९ ने भाग न जाणारा कुठलाही पाया घ्या, १७२८ व्या घाताची बाकी १.

तलावपाळी:
कॅल्क्युलेटर १२ अंकीच घ्या. सर्वांत मोठी बाकी ४००६००, तिचा वर्ग १६०४८०३६००००, बरोबर बारा अंक. १० अंकीवर शेवटचे आकडे कापले जातात आणि तिथून पुढची प्रत्येक बाकी चुकते. सी या संगणकभाषेत लिहिणार असाल तर साधा इंट (पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार) पुरत नाही, लाँग लाँग (मोठा प्रकार) घ्या.
आणि मुलांना हेही पडताळायला द्या: ४००६०१ = ३५५^२ + ५२४^२. चारने भागून बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे मांडता येते, दुसरी जोडी शोधत बसू नका.